एकाच फ्लोट स्विचवर लाल आणि हिरवा एलईडी आलटून-पालटून कसा लावायचा?

भाऊ, तुमच्या शेतातल्या टाकीत दोन वायरींचा फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच, आहे, आणि टाकी भरली की हिरवा, उतरली की लाल एलईडी घरात लागला पाहिजे, असं तुम्ही विचारलंय. याला आयसी लागत नाही, ट्रान्झिस्टरही नको. रावेर तालुक्यात आमच्या केळीच्या मळ्यात मी हेच वापरतो.

१२ व्होल्टच्या अडाप्टरच्या प्लसला १ किलो-ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर लावा. त्याच्या दुसऱ्या टोकाला दोन फाटे काढा. एका फाट्यात हिरवा एलईडी आणि त्यापुढे फ्लोट, मग मायनस. दुसऱ्या फाट्यात दोन लाल एलईडी आणि एक १एन४००७ डायोड एकामागे एक, आणि मायनस.

फ्लोट उघडा (स्विच बंद) असला की करंटला लालचीच वाट उरते. दोन लाल आणि डायोड मिळून साधारण साडेचार व्होल्ट घेतात. फ्लोट जुळला (स्विच चालू) की हिरवा ३ व्होल्टवरच पेटतो आणि फाट्यावरचा व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो. लालला साडेचार मिळत नाहीत, ते विझतात. करंट ७ ते ९ मिलिअँपिअर, एलईडीला पुरेसा.

लाल थेट आणि हिरवा फ्लोटमधून, हा क्रम मात्र बदलू नका. मी आधी उलटं केलं होतं. खारींनी ठिबकच्या नळीबरोबर वायरही कुरतडली आणि घरात हिरवा तसाच जळत राहिला. टाकी कोरडी होती. मोटार चालवायची रात्रीची लाईट त्या भरवशावर वाया गेली, आणि मे महिन्यात केळीला पाण्याचा एक दिवसही चुकवून चालत नाही. आता वायर तुटली तर लालच लागतो. दोन्ही विझलेले दिसले तर अडाप्टर बघायचा.

टाकी भरल्यावर तुमचा फ्लोट जुळतो का, हे आधी मीटरवर तपासा. उलटा निघाला तर दांडीवरचा छोटा चुंबकी फ्लोट काढून पालथा घातला की काम होतं.

एलईडीची पेटी ओट्यावर असेल तर उन्हात एलईडी दिसत नाही. प्रत्येकावर ठिबकच्या काळ्या नळीचा बोटभर तुकडा टोपीसारखा चढवा.

आणि सध्याचा फ्लोट मोटारीच्या स्टार्टरला जोडलेला असेल तर त्याला हात लावू नका. त्यात २३० किंवा ४१५ व्होल्ट असू शकतात. या कामाला टाकीत दुसरा, वेगळा फ्लोट टाका.