बूट लपवून ठेवू का?

प्रश्न : माझे यजमान 41 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितले. आता ते रोज पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर धावतात आणि संध्याकाळी जिमला जातात. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, सहा आठवडे विश्रांती सांगितली, तरी तिसऱ्याच आठवड्यात पट्टी बांधून ते धावू लागले. गणपतीत गावी आरती चालू असताना ते मागच्या खळ्यात दोरीच्या उड्या मारत होते. सासूबाईंनी हाक मारली, तर त्यांच्यावर खेकसले. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नाही. माझे सासरे साखरेच्या विकारानेच गेले. मी त्यांचे बूट लपवून ठेवू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, बूट लपवू नका, ते अनवाणी धावतील आणि तुमच्यावरचा विश्वास तेवढा जाईल. ते किती किलोमीटर धावतात यापेक्षा धावणे चुकले की त्यांचे काय होते, हे पाहायला हवे. चिडचिड, अस्वस्थता, अपराधी वाटणे, झोप उडणे आणि दुखापत असतानाही न थांबणे ही व्यायामावर अवलंबून राहण्याची ओळखीची लक्षणे आहेत. 1970 मध्ये बेकेलँड या संशोधकाला झोपेच्या अभ्यासासाठी महिनाभर व्यायाम सोडणारी माणसे हवी होती, तेव्हा जवळजवळ रोज व्यायाम करणारे पैसे देऊ केले तरी तयार झाले नाहीत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत मात्र हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही. त्यामुळे निदानाच्या नावासाठी अडून बसू नका.

व्यायामाने उदासी आणि चिंता कमी होते, हे खरेच आहे, आणि गुंताही तिथेच आहे. भीती शमवण्याचा तोच एक उपाय उरला, की पाय दुखत असला तरी माणूस तो सोडत नाही. सासऱ्यांविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. मला ते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. यजमान बहुधा त्या आठवणीपासून पळत असावेत. शिवाय ओळखीचे लोक 'काय फिट आहात!' म्हणून पाठ थोपटत असणार, म्हणजे थांबायला कारणच नाही.

ते धावायला निघालेले असताना हा विषय काढू नका. दुपारी, निवांत वेळी, 'एक दिवस धावला नाहीत तर मनात काय येते?' एवढेच विचारा आणि उत्तर पुरे होऊ द्या. जेवणाकडेही लक्ष ठेवा : साखरेसाठीचे पथ्य वेगळे, आणि 'आज धावलो नाही, म्हणून भाकरी नको' हे वेगळे. असा हिशेब ऐकू आला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे लांबवू नका. एरवी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, कारण तिथे ते विनातक्रार येतील. समुपदेशनाचा विषय त्या डॉक्टरांकडूनच निघाला तर बरे. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, तुम्हालाही. व्यायाम बंद करायचा नाही. आठवड्यातला एक रिकामा दिवस त्यांना सोसता यावा, इतकेच पहिले उद्दिष्ट ठेवा.

साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर त्या देणाऱ्या डॉक्टरांना सध्याचे धावणे आणि जेवण नेमके सांगा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चालणाऱ्या माणसाचा विचार केला होता, आणि काही गोळ्यांवर इतक्या श्रमाने साखर एकदम खाली येऊ शकते.