इंजिन चालू होतं, पण रेसच घेत नाही

प्रश्न: नमस्कार काका, मी दिवाळे कोळीवाड्यातून लिहितोय. माझ्या छोट्या होडीला ९.९ हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक आउटबोर्ड आहे, दोन सिलिंडरचं, पेट्रोलचं. पावसाळाभर मशीन पडवीत ताडपत्रीखाली होतं, नारळी पुनवेनंतर होडीला लावलं. दुसऱ्या दोरीला चालू होतं, स्लोला मस्त टकटकत राहतं, पण थ्रॉटल फिरवला की घुर्र करतं आणि बसतं, दोनदा तर बंदच पडलं. न्यूट्रलला पण तेच. प्लग नवीन टाकले, फरक नाही. एका मेकॅनिकनं कव्हर न उघडताच सांगितलं की सीडीआय (प्लगला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय, नवीन टाका. घर याच होडीवर चालतं, पैसे घालायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

उत्तर: बरं केलंत दादा विचारलंत ते. सीडीआय गेलेला असू शकतो, मी नाही म्हणत नाही, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा, कारण तो महाग आहे आणि इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा घेतला की दुकानदार सहसा परत घेत नाही. त्याच्या आधी बघायच्या चारपाच गोष्टी फुकटात होतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमचं इंजिन न्यूट्रललाही रेस घेत नाही, म्हणजे पंख्यात जाळं अडकलंय, होडीच्या बुडाला कालवं धरलीत वगैरे कारणं गेली, कारण न्यूट्रलला पंख्यावर लोडच नसतो. आणि स्लोला ते नीट चालतंय म्हणजे कॉम्प्रेशन आणि करंट थोडाफार तरी आहे. स्लोला इंजिन जेमतेम थेंबभर पेट्रोल पितं, ते कार्बोरेटरच्या एका बारीक वाटेनं येतं. थ्रॉटल उघडला की मेन जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरच्या मोठ्या भोकातून, खूप जास्त पेट्रोल लागतं. आता गंमत अशी की ती स्लोची वाट मेन जेटपेक्षा बारीक असते, म्हणून जुनं पेट्रोल सुकून राळ धरली तर पहिली तीच बंद होते आणि इंजिन स्लोला टिकतच नाही, चोक ओढून ठेवावा लागतो. तुमचं उलट आहे. म्हणून माझा पहिला संशय कार्बोरेटरवर नाही, त्याच्या मागच्या बाजूला, टाकीपासून पंपापर्यंत.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. हसू नका, पावसात पाणी जाऊ नये म्हणून आपणच तो घट्ट करतो आणि विसरतो. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल बाहेर येत नाही, स्लोला काही मिनिटं चालून जातं आणि मग दम लागतो.

मग पेट्रोल तपासा. पावसाळ्याच्या आधीचंच आहे ना टाकीत? आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. एका स्वच्छ काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढा, अर्धा तास न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल त्या इंजिनात एक मिनिटसुद्धा घालू नका, कारण तुमचं टू स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या थरात ऑइल जवळपास नसतंच, म्हणजे रेस तर घेणार नाहीच वर पिस्टनही धरेल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, एक जेट साफ करायला लागणं वेगळं आणि पिस्टन जाणं वेगळं. टाकी पूर्ण रिकामी करून पुसा, ताजं पेट्रोल घ्या, ऑइलचं प्रमाण तुमच्या मशीनच्या पुस्तकात असेल तेच घाला. पन्नासास एक सांगितलं असेल तर लिटरला २० मिली.

आता मुख्य टेस्ट, पाइपातल्या रबरी फुग्याची. ही टेस्ट होडी पाण्यात असताना, धक्क्याला दोन्ही बाजूंनी बांधून करा, सुक्यावर अजिबात नको, पाण्याशिवाय चालवलं तर आतल्या वॉटर पंपाचं रबरी इम्पेलर बघता बघता जळतं. एकानं थ्रॉटल हळूहळू द्यायचा, दुसऱ्यानं फुगा हातात धरून बघायचा. थ्रॉटल दिला की फुगा आत खेचला जाऊन चपटा होतोय, तर अडथळा फुग्याच्या मागे आहे, टाकीत, टाकीतल्या जाळीत, नाहीतर पाइपात. पाइप बाहेरून चांगला दिसतो हो, पण इथेनॉलनं आतलं अस्तर सुटतं आणि जोरात ओढ बसली की तेच पडद्यासारखं आडवं येतं, स्लोला मात्र पेट्रोल जात राहतं. असा पाइप फुंकून बघितला तरी कळत नाही, बदलून टाकायचा. आणि फुगा दाबत राहिल्यावर इंजिन एकदम रेस घेतंय, हात काढला की परत बसतंय, तर इंजिनावरच्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, गेलाय किंवा कनेक्टरच्या ओ-रिंगमधून हवा शिरतेय. दोन्ही किरकोळ कामं आहेत, सीडीआयच्या खर्चाच्या जवळपासही नाहीत. फुगा कडक आहे, दाबूनही काही फरक नाही, तर मग फिल्टर बघा आणि त्याच्यानंतर कार्बोरेटर.

कार्बोरेटर उघडलात तर फ्लोटची वाटी काढून तळाला काय साचलंय ते आधी बघा, पुसून टाकायची घाई नको, पाण्याचे थेंब, गंज, रबराचे काळे कण जे असेल त्यावरून मागे काय झालंय ते कळतं. मेन जेट उजेडाकडे धरून बघा, भोक गोल स्वच्छ दिसायला हवं. कार्ब क्लीनर आणि हवेच्या प्रेशरनं साफ करा. तार घालू नका, भोक कणभर जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं.

हे करायच्या आधी किंवा मध्येच, इंजिन बंद ठेवून, कव्हर काढून थ्रॉटलची मूठ पूर्ण फिरवा. तुमच्यासारख्या बऱ्याच टू स्ट्रोकमध्ये मूठ फिरवली की आधी फ्लायव्हीलखालची प्लेट सरकून ठिणगीचं टायमिंग पुढे जातं आणि मग कार्बोरेटरची झडप उघडते. दोन महिने दमट हवेत पडून ती प्लेट नाहीतर दांडी खारवून अडकली असेल, तर मूठ फिरते पण आत काहीच पोचत नाही. ग्रीस आणि थोडी हालचाल, बास.

एवढं करूनही तसंच, तर करंटाकडे या. इंजिन बंद करून एका सिलिंडरची प्लग कॅप काढा, त्यात जुना प्लग लावून त्याचा धातू इंजिनाच्या बॉडीला नीट टेकवून बांधा, पेट्रोलच्या पाइपापासून लांब, आणि चालू करा. मग दुसऱ्याचं तसंच. एका बाजूचा काढल्यावर इंजिनाला काही फरकच पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला होता आणि तुम्ही एकावरच चालत होता. कॅप नुसती हवेत लोंबत ठेवून चालवू नका, त्यानंच चांगला सीडीआय उडू शकतो. मेलेल्या बाजूची कॉइल दुसऱ्या बाजूला लावून बघा, दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. नाही सरकला तर स्टेटरचे, म्हणजे फ्लायव्हीलखालच्या करंट बनवणाऱ्या कॉइलचे, ओहम मीटरवर मोजून घ्या, ते पुस्तकातल्या आकड्यात बसले तरच सीडीआयचं नाव काढायचं. काही मशीनमध्ये स्लोला आणि फास्टला वेगळी चार्ज कॉइल असते, त्यातली फास्टची गेली तर अगदी तुमच्यासारखंच लक्षण दिसतं, म्हणून तुमचा मेकॅनिक चुकीचाच आहे असं मी म्हणणार नाही, पण मीटर न लावता त्यानं ते सांगायला नको होतं.

आणि दादा, हे दुरुस्त होईपर्यंत बेलापूरच्या खाडीतून बाहेर जाऊ नका. उधाणाच्या ओहोटीत स्लोवरचं इंजिन होडीला पाण्याच्या विरुद्ध आणू शकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

प्रश्न: ऐरोलीला माझी फोर स्ट्रोक बोट आहे. थोडं अंतर गेलं की बीप वाजतो आणि इंजिन २००० आरपीएमच्या वर जात नाही. बंद करून परत चालू केलं की थोडा वेळ ठीक. सेन्सर काढून टाकू का?

उत्तर: नाही, कृपा करून काढू नका. इंजिन स्वतःला वाचवतंय. एकतर गरम होतंय किंवा ऑइलचं प्रेशर कमी आहे. डिपस्टिकवर ऑइल आधी बघा, मग इंजिनाच्या मागून पडणारी थंड करायच्या पाण्याची धार. आपल्या ठाण्याच्या खाडीत ओहोटीला तळाचा गाळ ढवळून पाण्याच्या जाळीत बसतो, प्लास्टिकची पिशवी तर रोजचीच. जाळी साफ करा, धारेच्या भोकात बारीक तार घालून मोकळं करा, इथे तार चालते. तरी धार बारीक राहिली तर इम्पेलर बदला, आणि त्याची एखादी पाकळी तुटलेली दिसली तर तो तुकडा शोधून काढल्याशिवाय बंद करू नका, नाहीतर तोच वर थर्मोस्टॅटपाशी जाऊन अडकतो. रोज परत आल्यावर गोड्या पाण्यानं १० ते १५ मिनिटं फ्लश करा.

प्रश्न: कोलशेतहून. माझं उलटं आहे, इंजिन भरपूर रेस घेतं, पण बोट पुढे सरकतच नाही.

उत्तर: बहुतेक पंख्याच्या हबमधलं, म्हणजे मधल्या नळीभोवतीचं, रबर सुटलंय. पंखा आणि हबवर मार्करनं एक सरळ रेघ मारा, हळू एक फेरी मारून या, दोन्हीकडची रेघ जुळत नसेल तर हब नवीन बसवून घ्या. तोपर्यंत स्लोवर घरी याल, जास्त ओढू नका.