अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरने किती टिप द्यावी? टेबल किती तास अडवलं ते आधी मोजा

प्रश्न असा आहे : "मी अमेरिकेत नुकतंच सीडीएल, म्हणजे ट्रक चालवायचं लायसन्स, काढलंय, पुढच्या महिन्यापासून लांब पल्ल्याची गाडी चालवणार. रोज बाहेरच खायचं तर प्रत्येक वेळी टिप द्यावीच लागते का? किती? आणि ट्रकवाले टिप देत नाहीत असं ऐकतो, ते खरं आहे का?"

त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. हे वाक्य मी वेट्रेसच्या तोंडून ऐकलंय, बाजूच्या टेबलावरच्या कुटुंबाकडून ऐकलंय आणि सगळ्यात जास्त वेळा आमच्या दाजींकडून ऐकलंय. नऊ वर्षं अठरा चाकी चालवतोय. ट्रकवाले टिप देतात. जे नीट देत नाहीत त्यातला एक मी होतो, एका रात्रीपर्यंत. ती रात्र सांगतो.

2019 चा हिवाळा. सॉल्ट लेक सिटीला लोड घ्यायचा होता, ओमाहाला पोचवायचा होता. गोदामात डॉकला, म्हणजे माल चढवायच्या धक्क्याला, गाडी लावली आणि पाच तास तिथेच. आपल्या धंद्यात पहिले दोन तास फुकट, त्यानंतर डिटेन्शन, म्हणजे थांबवल्याचे तासावर पैसे. माझे तीन तासांचे निघत होते. कंपनी म्हणाली, गोदामवाला सही देत नाही, तर आम्ही तरी कुठून देऊ? तो राग डोक्यात घेऊन आय-80 हायवेला लागलो. रॉलिन्सला पोचलो तर पुढचा रस्ता बंद. वायोमिंगमध्ये रॉलिन्स ते लॅरमी हा शंभर मैलांचा पट्टा हिवाळ्यात कधी बंद पडेल सांगता येत नाही. एल्क माउंटनच्या बाजूने वारा असा येतो की रिकामा ट्रेलर आडवा होतो, आणि जमिनीवरचा बर्फ उडून समोरचं काही दिसत नाही. लाल दिवे लुकलुकायला लागले, फाटक खाली आलं की सगळे ट्रक मागे फिरून गावात. ट्रक स्टॉपवर जागा मिळाली हेच नशीब.

त्यात माझ्या बंकचा, म्हणजे केबिनमागच्या झोपायच्या जागेचा, हीटर बंद पडलेला. ट्रक स्टॉपच्या मेकॅनिककडे नंबर लावला, पुढे सहा गाड्या. म्हणून आत रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसलो. चौघांचा बूथ, म्हणजे समोरासमोर बाकं असलेलं टेबल, आणि मी एकटा. संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

टेबलं सांभाळायला पन्नाशीच्या आसपासची एक बाई होती, आणि दुसरी मुलगी बर्फामुळे कामावर पोचली नव्हती. सगळा हॉल हिच्या एकटीच्या अंगावर. तिच्या दोन्ही हातांत कॉफीची काचेची भांडी असत, एकाची मूठ काळी, दुसऱ्याची नारिंगी. नारिंगी म्हणजे डिकॅफ, झोप न उडवणारी कॉफी. ती टेबलापाशी येऊन "कॉफी?" असं विचारत नव्हती. विचारायची, "झोपायचंय की जागायचंय?" आणि उत्तराप्रमाणे त्या हातातलं भांडं वाकवायची. मी म्हणालो, हीटर होईपर्यंत जागायचंय. त्यानंतर तिने मला परत विचारलं नाही. काळी मूठ यायची, कप भरायचा. माझे बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे मालाचे, कागद टेबलभर पसरलेले होते, तर तिने कागदांना हात न लावता त्यांच्या कडेकडेने फडकं फिरवलं. फोनची बॅटरी संपत आली तेव्हा मी काही बोलायच्या आत फोन नेऊन गल्ल्याजवळच्या प्लगला लावला.

आणि त्या फोनवर मी काय करत होतो? डिस्पॅचरशी, म्हणजे कंपनीत बसून गाड्या पाठवणाऱ्याशी, भांडत होतो. "माझे तीन तास गेले. वेळेला किंमत आहे की नाही? तुम्ही मला फुकट कसं बसवता?" हेच तासभर, मोठ्या आवाजात. दाराशी ड्रायव्हर टेबलाची वाट बघत भिंतीला टेकून उभे होते, ते मला दिसत होते. पण हे माझ्यामुळे उभे आहेत, असं डोक्यात आलंच नाही.

दीड वाजता मेकॅनिकने बोलावलं. बिल 13 डॉलर 80 सेंट. पंधरा टक्के म्हणजे दोन डॉलर आणि वर काही सेंट. दोन डॉलर ठेवले आणि निघालो. हिशोब बरोबर केला असंच मनात होतं.

दाराशी एक म्हातारा ड्रायव्हर उभा होता, पांढरी दाढी. तो म्हणाला, "तुझं डिटेन्शन मिळालं का?" म्हटलं, नाही. "किती तासांचं?" तीन. तर बूथकडे बोट करून तो शांतपणे म्हणाला, "आणि तू तिला सहा तास डॉकला लावून ठेवलंस. त्याचं काय दिलंस?"

एवढंच बोलून तो आत जाऊन माझ्या जागी बसला.

मी बाहेर थंडीत उभा राहून आकडे मांडले. वायोमिंगमध्ये वेट्रेसला मालकाने रोख द्यायचा किमान पगार तासाला 2 डॉलर 13 सेंट. सहा तासांचे 12 डॉलर 78 सेंट. बाकी सगळं टेबलावर. तिच्याकडे चांगले बूथ पाच-सहा, त्यातला एक मी सहा तास अडवला. त्या वेळात तिथे सहा वेळा तरी माणसं बसून उठली असती. प्रत्येकाने चार डॉलर ठेवले असते तरी चोवीस होतात. मी ठेवले दोन. म्हणजे जे त्या गोदामाने माझ्याशी केलं तेच मी तिच्याशी केलं, आणि तेसुद्धा माझ्यावर अन्याय झाला म्हणून ओरडत असताना.

परत आत गेलो आणि वीस डॉलरची नोट तिच्या हातात दिली. तिने नोटेकडे नीट पाहिलंही नाही, ॲप्रनच्या खिशात घातली आणि विचारलं, "हीटर झाला का?" हो म्हटलं. मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेली, तिथे चौघे खोळंबले होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. टक्क्यांचा नियम ड्रायव्हरसाठी नाही. पंधरा-वीस टक्के हे त्या माणसासाठी ठीक, जो जेवून चाळीस मिनिटांत उठतो. आपलं बिल लहान आणि बैठक लांब. म्हणून मी असा हिशोब ठेवलाय : पटकन खाऊन उठलो तर वीस टक्के, पण तीन डॉलरच्या खाली नाही. तासाच्या वर बसलो तर पुढच्या प्रत्येक तासाला पाच डॉलर. बाहेर माणसं उभी असतील तर टेबल सोडून काउंटरच्या स्टुलावर जायचं. परवडत नसेल तर गाडीत बसून खा, त्यात कमीपणा काही नाही. मीही आठवड्यातले चार दिवस गाडीतल्या छोट्या फ्रिजमधलंच खातो. पण टेबलावर बसलात तर टेबलाचे पैसे द्यायचे.

चांगली सर्व्हिस म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आठ तास चालवून झालं की 30 मिनिटांचा ब्रेक सक्तीचा. अकरा तासांच्या वर चालवायचं नाही, आणि कामाला लागल्यापासून चौदा तासांत तो दिवस संपतो. डिसेंबर 2017 पासून हे घड्याळ इलेक्ट्रॉनिक आहे, त्यात खाडाखोड चालत नाही. ट्रक लावायला पाच मिनिटं, हातपाय धुवायला पाच, उरली वीस. मुरलेली वेट्रेस मेनू द्यायच्या आधी विचारते, "किती मिनिटं आहेत?" जेवणाबरोबरच बिल आणून ठेवते. न सांगता थर्मास भरून देते. तिने वाचवलेली दहा मिनिटं म्हणजे पुढच्या ट्रक स्टॉपवर पार्किंगची शेवटची जागा मिळणं किंवा न मिळणं. नाही मिळाली तर हायवेच्या रॅम्पच्या कडेला जीव मुठीत धरून झोपायचं. त्या दहा मिनिटांची किंमत माझ्या लेखी बिलापेक्षा जास्त आहे.

याच्या उलटही होतं, तेही सांगायला हवं. हायवेवरून उतरल्यावर शहराच्या तोंडाशी असलेल्या एका ठिकाणी मी चमकदार जॅकेट घालून गेलो तर संडासाच्या दाराशेजारचं टेबल मिळालं. अर्ध्या तासाच्या ब्रेकमधली पंचवीस मिनिटं पाण्याचा ग्लास समोर घेऊन बसलो. शेवटी पाकिटात बांधून घेतलं. पलीकडे मुलगी दुसरीला म्हणाली ते कानावर आलं : ट्रकर आहे, काही ठेवणार नाही. मी पाच डॉलर ठेवून निघालो. चूक त्या मुलीची होतीच. पण आधी येऊन गेलेल्या आपल्यापैकी कुणीतरी तिला ते शिकवलं होतं, आणि माझ्यानंतर येणाऱ्याला मला तिथे तशीच वागणूक ठेवून जायचं नव्हतं.

दाजींना हे कधीच पटलं नाही. ते न्यू जर्सीत एडिसनला असतात, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. रॉलिन्सची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले, "तुला त्या म्हाताऱ्याने लाजवलं आणि वीस डॉलर काढले. पगार देणं मालकाचं काम. आपण दिलं म्हणूनच मालक देत नाही." पुढे एकदा सगळे बाहेर जेवायला गेलो, जेवण उशिरा आलं, तर त्यांनी पावतीवर टिपच्या ओळीत मोठं शून्य काढलं. ताईने डोळ्यांनी मला गप्प केलं. त्या दिवशी जे बोललो नाही ते इथे लिहितो.

दाजी, कायदा वाईट आहे हे मला मान्य. तो 2.13 चा आकडा 1991 पासून हललेला नाही. टिप धरूनही तासाला 7.25 डॉलर हा पूर्ण किमान पगार भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा असं कायद्यात आहे, पण तो फरक मागायला किती जणी मालकापुढे उभ्या राहतात? पण तुम्ही शून्य काढलंत तेव्हा मालकाचं काय गेलं? त्याचं बिल पूर्ण मिळालं. शून्य त्या मुलीच्या घरभाड्यातून गेलं. उशीर स्वयंपाकघरात झाला होता, ती तीनदा येऊन सांगून गेली होती. आणि ज्या कायद्यात ती अडकलीय त्याच कायद्यात मीही आहे. 1938 चा मजुरीचा कायदा म्हणतो, आठवड्याला चाळीस तासांच्या वर दीडपट पगार. त्यातून राज्याबाहेर जाणारे ट्रक ड्रायव्हर पहिल्यापासून वगळलेले. त्याच कायद्यात 1966 साली दुरुस्ती झाली आणि गिऱ्हाइकाची टिप मालकाने द्यायच्या पगारात धरायला परवानगी मिळाली. मला मैलावर पैसे, तिला टेबलावर. चाक थांबलं की माझं घड्याळ फुकट चालतं, टेबल अडलं की तिचं. तुमचा पगार महिन्याला ठरलेला, मीटिंग लांबली तरी कापला जात नाही. म्हणून तुम्हाला ते दिसत नाही.

दाजींचा दुसरा मुद्दा, "तुम्हाला पर डिएम (बाहेर असतानाचा रोजचा खाण्याचा भत्ता) मिळतो, तुमचं काय जातं." स्वतःची गाडी असलेल्याला मिळतो, दिवसाला 80 डॉलर धरता येतात आणि त्यातले 80 टक्के करातून वजा होतात. कंपनीच्या पगारी ड्रायव्हरची ती वजावट 2018 पासून गेली. मी पगारी होतो. वीस डॉलर माझ्या खिशातले होते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. सगळीकडे 2.13 नाही. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेव्हाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत वेट्रेसला पूर्ण किमान पगार द्यावा लागतो, टिप त्याच्या वर. तिथे हात थोडा आखडलात तरी मी काही म्हणणार नाही, मी स्वतः मात्र आखडत नाही. फास्ट फूडच्या काउंटरवर स्क्रीन फिरवून टिप मागतात, तिथे मी देत नाही. मी उभा, तोही उभा, टेबल कुणी अडवलेलं नाही. बुफे असला तरी प्लेटा उचलणारं आणि कॉफी आणणारं माणूस असतंच, त्याला दोन-तीन डॉलर द्या. वेट्रेस उद्धट वागली तर कमी ठेवा, पण आधी उशीर कुणाचा हे बघा. आणि तुम्ही अजून ट्रेनिंगमध्ये असाल, हातात कमी येत असेल, तर तुमच्या ट्रेनरकडे बघून ठरवू नका. माझा ट्रेनर एक पैसा ठेवत नव्हता, आणि रॉलिन्सपर्यंत मीही फक्त बिल मोजत होतो, टेबलाचे तास नाही.

कार्डवर टिप लिहिली तरी चालते, पण मी रोखच देतो. रोख लगेच हातात पडते, पगाराच्या दिवसाची वाट बघावी लागत नाही. 2025 च्या कायद्याने 2028 पर्यंत वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतच्या टिपवर केंद्राचा आयकर लागत नाही, त्यामुळे कार्डाने दिलं तरी तिचं पूर्वीइतकं नुकसान नाही. तरी सुट्टे ठेवा. सोमवारी डिझेल भरताना फ्युएल डेस्कवर चाळीस डॉलरचे एक-एकचे आणि पाचाचे करून घ्या आणि वेगळ्या खिशात ठेवा, म्हणजे रात्री दीड वाजता वीसची एकच नोट हातात घेऊन विचार करत बसायला लागत नाही.