गाडीच्या क्रोमवर आपलंच प्रतिबिंब येतं, काय करावं?

रॅलीतल्या विंटेज गाडीचा हेडलॅम्प किंवा बंपर जवळून टिपला की त्यात तुम्हीच दिसता आणि पोलरायझर (चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) लावूनही फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. फिल्टर चांगलाच आहे. काचेवरची आणि रंगवलेल्या पत्र्यावरची चमक तो कमी करतो, पण उघड्या धातूवरच्या चमकेपुढे त्याचं फारसं चालत नाही. माझे पहिले दोन सीझन हे न कळल्यामुळेच वाया गेले.

क्रोम म्हणजे धातूवरचा चकचकीत मुलामा, म्हणजे आरसाच. म्हणून मी आधी गाडीला समोर काय दिसतंय ते बघतो. मुंबईत हॉर्निमन सर्कलला गाड्या लागतात तेव्हा ऊन चढायच्या आत पोहोचा. त्या वेळी आभाळ मऊ पांढरं असतं आणि व्हीलकॅपमध्ये भोवतालच्या दगडी इमारतींच्या कमानी वाकून उतरतात. असं प्रतिबिंब मी मुद्दाम ठेवतो. नको असतात ती माणसं आणि रंगीत छत्र्या. गडद शर्ट घाला, थोडं लांब उभं राहून ८५ किंवा १०० मिमीच्या लेन्सने टिपा. हेडलॅम्पच्या फुगीर पाठीवर तुम्ही ठिपक्याएवढे उरता. कडा आभाळात विरत असेल तर बाजूला काळं कापड धरायला सांगा, आकार लगेच उठून येतो.

एक गोष्ट मात्र जपा. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गाड्यांवर क्रोम नव्हे, निकेल असायचं. त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची झाक आपोआप सुधारणारी कॅमेऱ्याची सोय, ती पुसून टाकतो आणि १९२५ ची गाडी १९५० ची वाटायला लागते. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा.

मॅस्कॉटसाठी, म्हणजे बॉनेटवरच्या मूर्तीसाठी, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवा. रोल्स-रॉइसची ती पुढे झुकलेली बाई, चार्ल्स साइक्सने १९११ मध्ये घडवलेली, एफ/२.८ ला टिपली तर चेहरा स्पष्ट येतो आणि मागे उडणारं वस्त्र धूसर होतं. सगळा वेग त्या वस्त्रातच आहे!

बोटांचे ठसे दिसले तरी स्वतः पुसू नका, मालकाला सांगा. एका काकांना मी असंच सांगितलं, तर त्यांनी हेडलॅम्प पुसलाच, शिवाय आत बसून दारामागच्या खांबातला वळण दाखवणारा इंडिकेटरचा हात बाहेर काढून दाखवला. केशरी, आतून उजळलेला. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो तोच.