वाचकांचे प्रश्न : ग्रीक लग्नातली कात्री, गाठ आणि बदाम

प्रश्न : भाच्याचं लग्न थेस्सलोनिकीच्या मुलीशी ठरलं आहे. लग्न तिकडे, स्वागत समारंभ दादरला. मुलीच्या आईने निरोप दिलाय की नवरदेवाच्या खिशात उघडी कात्री ठेवा. आपल्याकडे कात्री उघडी ठेवली तर भांडणं होतात म्हणतात. मग हे शुभ कसं?

उत्तर : ग्रीक लोकसमजुतीत लग्नाच्या वेळची सर्वांत मोठी भीती दृष्टीची नाही, 'बांधण्या'ची आहे. भटजी, म्हणजे तिकडचे पाद्री, मंत्र म्हणत असताना कोणी वैऱ्याने गुपचूप दोऱ्याला गाठी मारल्या किंवा कुलूप लावलं, तर नवरा 'बांधला' जातो आणि जोडप्याचा शरीरसंबंध होत नाही, असा समज. आपल्या भाषेत सांगायचं तर करणी. गाठीवर उतारा कात्रीचा. शिवाय वाईट बोलणाऱ्यांच्या जिभाही ती कापते. लोखंडाचा धाक आहेच. आपल्याकडे हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार देतात, तेव्हा विचार हाच असतो.

काही भागांत नवरा किंवा नवरी कपड्यांच्या आत मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा बांधतात. जाळ्यात गाठी इतक्या की वैऱ्याची गाठ त्यातच हरवते! गंमत म्हणजे आपण लग्नात उपरणं आणि शेला यांची गाठ हौसेने मारतो, हळकुंडाचं कंकण बांधतो आणि लग्न लागल्यावर ते सोडतो. आपली गाठ सर्वांसमोर आणि मंत्र म्हणत बांधलेली. भीती आहे ती चोरून मारलेल्या गाठीची.

आता व्यवहाराचं. बोथट टोकाची लहान कात्री घ्या, टोकांना चिकटपट्टी गुंडाळा आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. पँटच्या खिशात ठेवली तर बसताना टोचते. कात्री नकोच असेल तर लोखंडाचा लहान तुकडाही चालतो. विमानात मात्र ती सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको.

प्रश्न : पाहुण्यांना वाटायच्या साखरेच्या बदामांची पाकिटं मुंबईतच करायची आहेत, दीडशे. किती बदाम लागतील?

उत्तर : याला 'कुफेता' म्हणतात. प्रत्येक पाकिटात विषम संख्या, बहुधा 5 किंवा 7. विषम संख्येचे दोन सारखे भाग होत नाहीत, तसं जोडपंही दुभंगू नये. आपण 101 रुपये आहेर देताना वरचा रुपया का लावतो, हे माहीत असणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पाचाचा अर्थ सांगतात तो आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य. बदाम कडवट, साखर गोड, हाही अर्थ जोडलेला आहेच.

150 पाकिटं, प्रत्येकी 5, म्हणजे 750 बदाम. एक कुफेता साधारण 4 ग्रॅमचा धरला तर 3 किलो. फुटलेले बाजूला काढावे लागतात, म्हणून साडेतीन किलो घ्या. मुंबईत घोळ होतो तो हवेमुळे. नेटचं कापड हवा आत घेतं, दमटपणाने साखर चिकट होते आणि पाकिटात लगदा होतो. आधी पारदर्शक कागदात पाचही बदाम घट्ट बांधा, मग वरून नेट. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच त्यांना घाम सुटतो. आत चॉकलेट असलेले कुफेता मे महिन्यात तर अजिबात नकोत. जमल्यास आदल्या दिवशीच भरा.

लग्न न झालेल्या मुली हे बदाम उशीखाली ठेवून झोपतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात येतो. तेवढं तरी हॉलवर माइकवरून सांगा, मजा येते.

प्रश्न : डोक्यावरचे दोन मुकुट दादरच्या कार्यक्रमात घालता येतील का? फोटो छान येतील.

उत्तर : नको. फितीने जोडलेले हे मुकुट, 'स्तेफाना', चर्चच्या विधीचा भाग आहेत. मागे उभा राहिलेला कुंबारोस, म्हणजे लग्नाचा धर्मसाक्षी, ते तीन वेळा अदलाबदल करतो, आणि त्याला स्वतः ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असावं लागतं. बाप्तिस्मा न झालेल्या वराशी चर्च हे लग्न लावत नाही. भाचा धर्म बदलणार नसेल तर तिकडे नगरपालिकेतला नोंदणी विवाहच होईल. ग्रीसमध्ये तो 1982 पासून मान्य आहे. मुकुटांची हौस नोंदणीनंतर भागवणं म्हणजे दक्षिणा न देता मुंडावळ्या घालून मिरवणं.

घरगुती गोष्टी मात्र मनसोक्त करा. लग्नाआधी काही दिवस पलंग सजवतात : पांढरी चादर, तांदूळ, कुफेता, नोटा, आणि वर एखादं तान्हं बाळ लोळवतात. एवढं लक्षात ठेवा, गुलाबाच्या पाकळ्या घातल्यात तर चादरीला डाग पडतो. नवरीच्या बुटाच्या तळव्यावर अविवाहित मैत्रिणींची नावं लिहितात. नाचून जिचं नाव पुसलं तिचं लग्न आधी. नावं पंजाखाली लिहा. कमानीच्या भागात लिहिलेलं नाव जमिनीला टेकतच नाही, आणि मग मैत्रीण वर्षभर रुसते.

प्रश्न : तिची आजी मुलीकडे पाहून तीनदा थुंकल्यासारखं करते. आम्ही काय करायचं?

उत्तर : 'फ्तू, फ्तू, फ्तू', खरी थुंकी नसते. कौतुक केलं की दृष्ट लागते, म्हणून लगेच तो उतारा. आपली आजी कपाळाशी बोटं मोडते, तेवढंच. ग्रीकमध्ये डोळ्याला आणि दृष्टीलाही 'माती' म्हणतात. आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही. दृष्ट काढताना वाटीभर पाण्यात ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडतात. थेंब पसरून विरले तर दृष्ट लागली, वेगळे राहिले तर नाही. (तेल कसं पसरतं हे पाण्याचा पृष्ठभाग किती स्वच्छ यावरही ठरतं.) म्हणायची प्रार्थना गुप्त असते आणि बाई पुरुषाला, पुरुष बाईला शिकवतो, म्हणून आजीला ती विचारू नका. मीठ-मोहरी तुम्ही ओवाळून टाका, तिला आवडेल.

प्रश्न : 2028 मध्ये लग्न नको, असं ते का म्हणतात?

उत्तर : ते लीप वर्ष आहे. तिकडे जास्तीचा दिवस अडतो, आपल्याकडे अधिक महिना. मे महिनाही ते टाळतात, 'मे महिन्यात गाढवांची लग्नं होतात' अशी म्हणच आहे. आपल्या दादरच्या हॉलवाल्यांना हे सांगू नका. तारीख काढताना एवढं बघा : ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात आणि 1 ते 15 ऑगस्टला चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. नोंदणी विवाहाला हे बंधन नाही, पण आजीला असतं.