ड्रोन आणि बंदूकधारी पहारा असूनही राष्ट्रीय उद्यानात वाघाची शिकार होते कशी, आणि ती रोखतात कशी?

मी अमरावतीचा. मेळघाटात वरचेवर जाणं होतं, म्हणून तिथलंच सांगतो.

आधी शिकार कशी होते ते बघा. धंदा म्हणून शिकार करणाऱ्या टोळ्या सहसा गोळी झाडत नाहीत. आवाज होतो आणि कातड्याला भोक पडतं. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर लोखंडी जबड्याचा सापळा पुरतात, साखळीने खुंटीला बांधतात, वर पालापाचोळा पसरतात. आजूबाजूला टोकदार दगड मांडून ठेवतात. वाघ दगड टाळून मऊ मातीवर पाय टाकायला जातो आणि नेमका अडकतो. मग भाल्याने तोंडात वार. आता सागाच्या पानांखालचं हे सगळं वरून ड्रोनला काय दिसणार?

दिसतं ते पायी गस्त घालणाऱ्याला. एकदा एका कोरकू आदिवासी वनमजुरासोबत बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेल्या जंगलाच्या हद्दीत, फिरत होतो. एका जागी माती सैल दिसली तसा तो थांबला. काठीने पाला बाजूला केला, माती चाळवून बघितली, मगच पुढे निघाला. साळिंदराने उकरलं होतं, एवढंच! अशा माणसाला रोजंदारी वेळेवर मिळणं हे मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा जास्त गरजेचं वाटतं. (मेटल डिटेक्टर मात्र खरंच कामाचा, सापळा लोखंडाचाच असतो ना.) पावसाळ्यात रस्ते बंद होतात, पर्यटक नसतात, गवत डोक्याएवढं वाढतं. खरी कसोटी तेव्हाच.

बंदूकधारी म्हणाल तर मेळघाट, ताडोबा, पेंच इथे विशेष व्याघ्र संरक्षण दल आहे. पण बंदुकीने टोळी मोडत नाही, तपासाने मोडते. २०१३ मध्ये मेळघाटातल्या शिकारी उघड झाल्या, तेव्हा मोबाइलचे कॉल रेकॉर्ड तपासत धागा मध्य प्रदेशातल्या कटनीच्या टोळ्यांपर्यंत आणि पुढे दिल्लीच्या व्यापाऱ्यांपर्यंत गेला. वाघाच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे, पण पंचनामा ढिला असला की आरोपी सुटतो आणि पुन्हा त्याच धंद्याला लागतो.

टोळी बाहेरची असली तरी तिला पाणवठा कुठे, वाघ कुठून येतो हे सांगणारा माणूस बहुधा स्थानिकच लागतो. म्हणून गावात खबऱ्या हवा आणि गावाचं वनखात्याशी बरं हवं. गुरं मारल्याची भरपाई रखडली की खबर येणं बंद होतं.

उद्यानाबाहेर वेगळीच गत. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात चोरून सोडलेल्या विजेच्या करंटने विदर्भात कितीतरी वाघ मेलेत. तिथे वनरक्षकाइतकंच वीज कंपनीच्या लाइनमनने फिरायला हवं.

तुम्हाला कधी जंगलात तारेचा फास किंवा सापळा दिसलाच तर हात लावू नका, तो पुरावा असतो. जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.