मधली रेघ

पोरी,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले खंजिराचे चारही फोटो पाहिले. आधी मोबाइलवर, मग नातवाकडून लॅपटॉपवर मोठे करून. मुठीवरची पितळी वेल छान उतरली आहे. पानं वळवताना छिन्नी कुठे घसरलेली नाही. तुझ्या वयात मला हे जमत नव्हतं.

आता पात्याबद्दल. मधली रेघ मुठीपाशी निघते तेव्हा बरोबर मध्यावर आहे. तीन इंचांवर ती डावीकडे झुकते आणि टोकाजवळ घाईघाईने परत येते. गिऱ्हाइकाला हे कळणार नाही. पण तू मला "कसा झालाय?" असं विचारलंस, "खपेल का?" असं नाही. म्हणून सांगतो, हे पातं बाजूला ठेव आणि नवं कर. मूठ वाया जाणार नाही, ती नव्या पात्याला बसव.

तू आजवर सुऱ्या केल्यास, कोयते केलेस. त्यांना पाठ असते, धार एकाच अंगाला असते, थोडं इकडेतिकडे झालं तरी नजर खपवून घेते. खंजिराला दोन धारा, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन असे चार उतार. एका बाजूच्या दोन उतारांची भेट म्हणजे ती रेघ. एक उतार केसभर जास्त घासलास की रेघ पलीकडे सरकते. तिला परत आणायला दुसरा घासायचा, मग ही बाजू पातळ झाली म्हणून मागची घासायची. असं करत करत मी एकदा पाव इंची पट्टीची पोस्टकार्डाएवढी जाडी करून ठेवली होती.

अमेरिकेत बिल मोरान नावाच्या सुरीकाराने 1973 साली कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात थर जोडून केलेल्या पोलादाच्या सुऱ्या मांडल्या आणि तिथे ही विद्या पुन्हा लोकांच्या हाती आली. त्याच्याच पुढाकाराने 1976 मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी उभी राहिली. त्यांच्याकडे 'मास्टर' व्हायचं तर इतर नगांबरोबर एक खंजीर करावाच लागतो. पातं किमान 300 थरांचं, मुठीला पिळदार खाचा आणि खाचांत तार. (थरांचा आकडा ऐकून दचकू नकोस. 20 थर चार वेळा दुमडले की 320 होतात.) पण त्याआधीची परीक्षा निराळी असते. तुझ्या सुरीने टांगलेला जाड दोर एका घावात तोडायचा, लाकडाचे दांडे तोडायचे, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून 90 अंशात वाकवायचं, मोडू न देता. शोभेच्या वस्तूपर्यंत तुम्हाला पोचू देतात ते हे सगळं झाल्यावर. मला हा क्रम फार आवडतो. आपल्याकडे उलटं चालतं, 'शोभेचा आहे' म्हटलं की पोलाद कुठलंही चालतं.

तर मधली रेघ. पट्टीची जाडी जेवढी, तेवढ्याच व्यासाचं ड्रिल बिट सपाट टेबलावर आडवं ठेव. त्याचं टोक बरोबर निम्म्या उंचीवर येतं. पट्टीच्या कडेला काळा मार्कर फास आणि कड त्या टोकावरून ओढ. पट्टी उलटी करून पुन्हा ओढ. दोन रेघा उमटल्या तर मध्य त्यांच्या मधोमध. ही झाली धारेची जागा. पात्याच्या दोन्ही अंगांवरची रेघ पोलादी पट्टी लावून कोरून घे, नुसती पेनने काढू नकोस, पुसली जाते. मग घासताना एक उतार पूर्ण करून दुसऱ्याकडे वळायचं नाही. चार घास इथे, पातं उलटून चार घास तिरप्या समोरच्या उतारावर, असं फिरत राहायचं. रेघेपासून शेवटचा एक मिलिमीटर उरला की ग्राइंडर बंद. पुढचं काम कानशीचं. धार दीड मिलिमीटर जाड सोडून दे, ती पाणी दिल्यानंतर, म्हणजे पातं लाल तापवून एकदम थंड केल्यावर, काढायची.

आणि पाणी देणं. इथे आपली भाषाच घात करते. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याला तू पाहिलं असशील, विळ्याची नुसती धार लाल करून तो पाण्यात बुडवतो. विळ्याला ते चालतं, पाठ मऊ राहते. मी त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याकडून हे काम शिकलो, त्यामुळे माझा पहिला खंजीरही मी पाण्यातच घातला. बारीकसा 'टिक्' आवाज आला. बाहेर काढून पाहिलं तर मध्यातून टोकापर्यंत चीर. अडीच आठवड्यांचं काम होतं.

तेल वापर, साधारण 50 अंशांपर्यंत कोमट केलेलं. पातं टोक खाली करून सरळ उभं जाऊ दे. आत ढवळायचं नाही, हलवायचंच तर धारेच्या दिशेने. चार उतारांत फरक असेल तर पातळ अंग आधी थंड होतं आणि पातं वाकतं, म्हणजे तुझी घासण्यातली चूक तेलच तुला दाखवतं. साधारण 200 अंशांच्या वर असेपर्यंत पोलाद हातमोज्यातल्या हातालाही ऐकतं, तेवढ्यात सरळ कर. त्यानंतर जोर लावलास तर मोडेल. मग ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. पातं वाळल्या गवतासारखं पिवळं दिसलं पाहिजे.

तू कमानपाटा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पट्टी, वापरला आहेस असं लिहिलंस. भंगारातल्या पाट्याचं पोलाद नेमकं कोणतं, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून आधी बोटभर तुकडा तापव, तेलात घाल, शेगड्यात धरून मोड. मोडलेली कड करड्या मखमलीसारखी दिसली तर ठीक. साखरेसारखे चकचकीत दाणे दिसले तर जास्त तापवलंस. चुंबक चिकटेनासं झालं की पुरे, असं तुला कुणीतरी शिकवलंय. चुंबक साधारण 770 अंशांना सुटतं. कमानपाटा सिलिकॉनवाल्या पोलादाचा असेल तर त्याला त्याहून बरंच वर, 870च्या आसपास न्यावं लागतं. तसं असेल तर तुझं पातं मऊ राहिलं असणार. कानस फिरवून बघ, चावली तर माझं खरं.

सोन्याच्या तारेचं कोफ्तगिरी काम पात्यावर करायचा बेत तूर्त सोड. उदयपूरचे कारागीर आधी पोलादावर छिन्नीने बारीक जाळी पाडतात, मग तार ठोकून त्या खरवडीत धरवतात. जाळी पाडायलाच वर्षं जातात. त्याऐवजी एक दिवस काढून पुण्याच्या केळकर संग्रहालयात जा आणि कट्यारी बघ. मुठी नंतर, आधी टोकं. पुष्कळ कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्यांत घुसावं म्हणून. ते जाड टोक डोळ्याला किती सुंदर दिसतं, आणि का, याचा विचार कर.

गिऱ्हाइकाला सांबरशिंगाची मूठ हवी आहे, त्याला सरळ नाही म्हण. झडलेलं शिंग असलं तरी 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार चालत नाही. म्हशीचं शिंग घे किंवा शिसव. शिंग घासताना मास्क लाव. त्याला खंजीर 'शिवकालीन वाटावा' असंही हवंय म्हणे. तसा घाट दे, हरकत नाही, पण गंज चढवून देऊ नकोस आणि पात्यावर तुझी खूण आणि साल ठोक. तुझ्या हातून गेलेला नग पुढे कोण काय म्हणून विकेल, सांगता येत नाही.

1959च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत खंजीर हा शब्द नावानिशी आहे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं असलं की प्रश्न आलाच, आणि 'शोभेचा' म्हटल्याने तो सुटत नाही. तुझं पातं साडेआठ इंच असलं तरी बनवणं, विकणं, कुरिअर करणं यासाठी वकिलाचा सल्ला आधी घे. पैसे मोजून घे, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं ऐकून नको.

गिऱ्हाइकाला महिनाभर उशीर होईल म्हणून आजच कळव. नव्या पात्याचा फोटो मूठ बसवण्याआधी पाठव, आणि खिडकीच्या उजेडात, तिरपा धरून काढ. सावली रेघेवर कुठे तुटते ते मला बघायचंय. फोन संध्याकाळी सहानंतर कर, त्याआधी ग्राइंडर चालू असतो.

तुझा,
काका